काट्यावर चढलेली सायकल

सायकलीला पेडल नसतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. म्हणजे असतात, पण वेगळे विकत घ्यावे लागतात. सायकलींच्या त्या थंडगार दुकानातला विक्रेता हे इतक्या सहज सांगत होता, की शंका विचारायचीच मला लाज वाटली. तरी विचारलीच.

"मग पाय कशावर ठेवायचे?"

"ते ज्याच्या त्याच्या आवडीवर असतं, सर," तो म्हणाला.

पाय कशावर ठेवायचे याबद्दल मला आवडनिवड असू शकते, असं आजवर कुणी मानलं नव्हतं. मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. मग त्यानं बजेट विचारलं. मी सांगितलं. त्यानं अतिशय अदबीनं मान डोलावली आणि म्हणाला, "एवढ्यात पुढचं चाक छान येईल."

हा प्रसंग माझ्यावर ओढवला तो माझ्याच तोंडामुळे. माझी लेक पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर झाली आणि तिला पार दुसऱ्या टोकाच्या शहरात नोकरी लागली. पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. इथे असताना दर रविवारी पहाटे ती आपल्या सायकलवाल्या मित्रमंडळींबरोबर गावामागच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीपर्यंत जायची. त्या दिवशी जेवताना म्हणाली, "या रविवारी कुणीच येत नाहीये. शेवटचा रविवार आहे माझा. बाबा, तुम्ही येता?"

गेल्या कित्येक वर्षांत तिनं माझ्याकडे फक्त मोबाइलचा चार्जर मागितला होता. ही तर सोबत मागत होती. मी म्हणालो, "येतो की!"

"तुमच्यासाठी भाड्यानं सांगून ठेवते सायकल."

"भाड्याची? मी? माझी स्वतःची असेल रविवारी."

हे मी का बोललो ते मला आजही सांगता येणार नाही. पण 'येतो की' का म्हणालो ते मात्र नीट सांगता येईल. तिनं जाऊ नये असं मला वाटत होतं. नोकरी लागल्याची बातमी आली तेव्हा इमारतीत पेढ्यांचा पुडा घेऊन मीच दारोदार फिरलो, सगळ्यांच्या शाबासक्या मीच घेतल्या. आणि आता घरात हे बोलायची चोरी. टेकडीवर आम्ही दोघंच असू. तिथे मी तिला 'नको जाऊस' म्हणणार होतो. त्यासाठी आधी टेकडीवर पोचणं भाग होतं.

पैशाचा प्रश्न हिच्याकडे नेला. दिवाणखान्याच्या भिंतीला ओल आली होती आणि ती खरवडून रंग द्यायला हिनं थोडे पैसे बाजूला ठेवले होते. हिनं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं. म्हणाली, "दोन्हीपैकी आधी काय दुरुस्त करायचं तेच कळत नाही." मग जरा वेळानं, हातातलं काम न थांबवता म्हणाली, "घ्या. भिंत काय, इथंच राहणार आहे." एवढं बोलून ती आत गेली. तिलाही ते बोलायची चोरीच होती हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी सायकलीच्या विचारात होतो.

आता मी काय काम करतो ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. बाजारातले तराजू तपासायचे, खोटी वजनं पकडायची, पाव किलोत किती ग्रॅम मारले ते हुडकायचं. लोकांना माल कमी देणाऱ्यांशी लढण्यात माझी हयात गेली. आणि त्या दुकानात तो विक्रेता मला भिंतीवर टांगलेली एकेक सायकल दाखवत सांगत होता: ही दहा किलोची. ही नऊची, हिची किंमत दीडपट. ही आठची, हिची तिप्पट. आणि अगदी वर, स्वतंत्र दिव्याखाली टांगलेली ती काळी सायकल सात किलोची होती. तिची किंमत मी पुन्हा विचारली, कारण पहिल्यांदा मला वाटलं तो कुणाचा तरी फोन नंबर सांगतोय.

"म्हणजे माल जितका कमी, तितके पैसे जास्त?"

"अगदी बरोबर, सर."

मी त्या सायकलीसमोर हात जोडायचेच बाकी ठेवले होते. गिऱ्हाइकाला कमी माल देऊन जास्त पैसे घेतात, तेही उघडपणे, कमी दिल्याची जाहिरात करून, आणि गिऱ्हाईक त्यासाठी रांग लावतं! आमच्या बाजारातले व्यापारी उगाच तराजूखाली चुंबक चिकटवत बसले होते. त्या विक्रेत्यानं सायकल खाली काढून माझ्या हातात दिली. एका बोटावर उचलली गेली हो! पातळ चाकं, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, कुठे एक जादा खिळा नाही. माणसानं बनवलेली वस्तू इतकी नेमकी असू शकते हे बघून मी खरोखर गप्प झालो. हिला विचारा, मी सहसा होत नाही.

घरी येईपर्यंत बातमी इमारतभर झाली होती. खालचे विमा एजंट जिन्यातच भेटले. "सायकल कुठलीही घ्या, पण आधी पॉलिसी घ्या. या वयात पडलात की हाड धरत नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या मांडीचं हाड बोटांनी चाचपून पाहिलं आणि चेहरा पाडला. समोरचे निवृत्त हेडमास्तर, ज्यांना सगळे सर म्हणतात, त्यांचा मुद्दा निराळा होता.

"स्टँड आहे?"

"नाही सर. या प्रकाराला स्टँड नसतो."

"कॅरिअर?"

"नसतो."

"मडगार्ड? घंटी?"

"नाही."

"आणि पेडल तुम्ही म्हणता वेगळे." सरांनी चष्मा काढून पुसला. "मग तुम्ही विकत नेमकं काय घेताय?"

सर त्यानंतर रोज मला बघून सहानुभूतीनं मान हलवू लागले. नापास होणाऱ्या मुलाच्या बापाकडे बघून ते अशीच हलवत असणार.

लेकीला न विचारता सायकल घ्यायची, तर अभ्यास मलाच करायला हवा होता. मोबाइलवर वाचलं की वजन, गिअर वगैरे नंतर, पहिल्यांदा सायकल मापाची हवी, कारण मोठ्या मापाची स्वस्तात मिळाली तरी पाठ मोडते. आणि माप घ्यायची रीत अशी: भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभं राहायचं, एक जाडसर पुस्तक दोन पायांत घट्ट वर ओढून धरायचं आणि त्याच्या वरच्या कडेपर्यंतची उंची मोजायची. मी घरातला शब्दकोश घेतला आणि ऑफिसातून प्रमाणित मोजपट्टी आणली, कारण शिंप्याच्या टेपवर माझा विश्वास नाही. मी ओलीच्या भिंतीला पाठ लावून, शब्दकोश पायांत धरून, मोजपट्टीचा आकडा वाचायला वाकलेला असताना ही पाहुण्या बायकांना घेऊन आत आली. बायका आल्या पावली परत गेल्या. हिनं दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं.

पण माप मिळालं. आणि मापाची सायकलही मिळाली, जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत. 'रोड बाइक, अॅल्युमिनिअम, कमी वापरलेली, वजन नऊ किलो.' किंमत आमच्या भिंतीत बसणारी. विकणारा एक चष्म्याचा दुकानदार होता. त्याच्या घरी गेलो, तर सायकल झोपायच्या खोलीत उभी आणि हँडलवर टॉवेल वाळत घातलेले. डॉक्टरनं व्यायाम सांगितला म्हणून घेतली, मग डॉक्टरच बदलला, असं तो म्हणाला. त्यानं टॉवेल काढले. खाली निळी सायकल होती. काळीइतकी नेमकी नव्हे, पण शिंगं तीच, चाकं तीच. मी तिच्या दांड्यावरून पाय टाकून उभा राहिलो, तर दोन पायांत आणि दांड्यात मोबाइलवर सांगितली होती बरोबर तेवढीच जागा. ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी थांबलं. माझ्यासाठीच कुणीतरी इतकी वर्षं राखून ठेवली असावी असं वाटून गेलं.

इथे शहाण्या माणसानं पैसे दिले असते. मी सायकल उचलून पाहिली आणि माझ्यातला निरीक्षक जागा झाला. म्हणालो, "ही नऊ किलो नाही."

"कंपनीनं तसं लिहिलंय हो."

"लिहितात सगळेच. मी वजन करून सांगतो."

चष्मेवाला भला माणूस. म्हणाला, "घेऊन जा. पटली तर पैसे द्या." आणि मी शुक्रवारी सकाळी ती सायकल ढकलत ढकलत ऑफिसात नेली. आमच्याकडे प्रमाण काटा आहे. सगळ्या जिल्ह्याचे काटे ज्या काट्यावर पारखतात तो काटा. त्याला वेगळी खोली आहे, खोलीला पंखा नाही, कारण वाऱ्यानं काटा हलतो. मी चपला बाहेर काढल्या, सायकल काट्यावर उभी केली आणि श्वास रोखला.

साडेअकरा किलो.

"काय चाललंय?" मागून साहेबांचा आवाज आला.

आमचे साहेब तसे सज्जन आहेत, पण नियम निघाला की त्यांना दुसरं काही दिसत नाही. आमच्या खात्याचा एक जुना नियम आहे: प्रमाण काट्यावर चढलेली वस्तू ही तपासणीची वस्तू. तिला चिठ्ठी लागते, सील लागतं, आणि निर्णय होईपर्यंत ती कोठारात जाते. कुणी घरचे गहू, रद्दी, नातवंडं मोजायला आणू नये म्हणून कधीतरी केलेला नियम. तो मीच दर नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी ऐकवतो. आता साहेबांच्या देखत शिपायानं माझ्या सायकलीच्या मागच्या चाकातून तार ओवली आणि तिच्यावर शिशाचं सील दाबलं. सील दाबायचा चिमटा माझ्याच टेबलावरचा होता.

"घोषित वजन किती?" साहेबांनी विचारलं.

"नऊ, साहेब."

"भरलं किती?"

"साडेअकरा."

साहेबांचा पेन हवेत थांबला. "जास्त?"

त्या दिवशी आमच्या ऑफिसात दुसरं काम झालं नाही. कायद्यात कमी भरल्याची कलमं ढिगानं आहेत. जास्त भरल्याचं एकही नाही. हेडक्लार्क म्हणाले, गिऱ्हाइकाला अडीच किलो सायकल फुकट मिळाली, तक्रार कसली? मी म्हणालो, अहो, सायकलीत जास्त म्हणजे कमी. ते म्हणाले, ते कसं? मी त्यांना सात किलोच्या काळ्या सायकलीची किंमत सांगितली. शिपायानं किटली खाली ठेवली. साहेबांनी ती किंमत दोनदा विचारली, आणि मग खुर्चीत मागे टेकून, छताकडे बघत म्हणाले, "काढून घेतलेल्या मालाचे पैसे!" त्यांच्या आवाजात राग नव्हता. आयुष्यभर मांजर पकडणाऱ्याला पहिल्यांदा वाघ दिसावा, तसे ते दिसत होते.

चष्मेवाल्याला फोन करून बोलावून घेतलं. तो दुकान अर्धवट बंद करून, घामाघूम होऊन आला. त्याला वाटलं, मी पोलिसात दिलं.

"नऊ किलो का लिहिलं?" साहेब.

"कंपनी नुसत्या सायकलीचं वजन सांगते, साहेब. पेडल, बाटलीचा पिंजरा, दिवा, पुढची पिशवी, हे सगळं मी नंतर बसवलं. आणि पिशवीत पाना आहे, पंप आहे, कुलूपही आहे."

"त्याचे पैसे वेगळे लावलेत?"

"नाही हो. ते तसंच दिलं."

साहेब खुर्चीतून उठायच्या बेतात होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत, न सांगता जास्त देणारा विक्रेता त्यांच्यासमोर प्रथमच उभा होता. त्यांनी त्याला चहा पाजला. त्याला घरचे, दारचे, दुकानाचे, सगळे प्रश्न विचारले. जाताना चष्मेवाला मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "तुमचे साहेब फार मोठे आहेत." मी त्याला तिथेच सायकलीचे पैसे देऊन टाकले. सायकल माझी झाली, आणि कोठारात गेली.

कारण निर्णय झाला नव्हता. साहेब म्हणाले, वरच्या ऑफिसला विचारावं लागेल, सोमवारी पत्र टाकू. संध्याकाळी कोठाराच्या जाळीतून मी तिच्याकडे पाहिलं. खोट्या वजनांच्या पोत्यांमध्ये आणि जप्त तराजूंमध्ये ती निळी सायकल उभी होती, आणि घरी लेक विचारत होती, "बाबा, सायकलीचं झालं का?" मी म्हणालो, "झालंच. फक्त ताब्यात यायची आहे." म्हणजे खोटं नव्हतं.

शनिवारी ऑफिसला सुट्टी. तरी मी साहेबांच्या घरी गेलो. असं मी नोकरीत कधी केलं नव्हतं. साहेब बनियनवर दार उघडायला आले. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. लेक जातेय, उद्या तिचा शेवटचा रविवार, मला तिच्याबरोबर टेकडीवर जायचंय. पुढचं, म्हणजे तिला काय सांगायचंय, ते सांगायचा विचार नव्हता. तेही सांगून टाकलं.

साहेब आत जाऊन शर्ट घालून आले. आम्ही ऑफिसात गेलो. त्यांनी कोठार उघडलं, पक्कड घेतली, आणि स्वतःच्या हातानं तार तोडली. चिठ्ठीवर त्यांनी शेरा लिहिला: 'वस्तूस चाके असल्याने कोठारात ठेवणे गैरसोयीचे.' मला दाखवून म्हणाले, "हे टिकेल." मग जाता जाता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या पोराला मी म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हणून बघा."

त्या संध्याकाळी इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत मी सराव केला. त्याचं वर्णन करत नाही. शिंगांना धरून पुढे वाकलं की रस्त्याऐवजी आपलं पोट दिसतं, एवढं सांगतो. सर गॅलरीतून बघत होते. मी तिसऱ्यांदा पडल्यावर ते ओरडले, "घंटी तरी लावून घ्या! लोकांना कळायला हवं!" विमा एजंट बाहेर येऊन आपलं कार्ड देऊन गेले. पण मधे एकदा, फक्त एकदाच, पेडल नीट पडलं आणि सायकल मला घेऊन अशी सुटली, की पायांनी काही केलंच नाही आणि सगळी जागा मागे गेली. मी ओरडलो. आनंदानं ओरडलो, पण सगळ्यांना वाटलं पुन्हा पडलो.

रविवारी पहाटे निघालो. लेकीनं माझ्या सायकलीभोवती एक फेरी मारली, टायर दाबले, माझ्या सीटची उंची केसाइतकी वर केली आणि म्हणाली, "बाबा, छान निवडलीत. अगदी तुमच्या मापाची." शब्दकोशाचं मी काही बोललो नाही.

सपाटीवर मी तिच्याबरोबर होतो. मग चढ लागला. आणि तिथे मी जे पाहिलं ते आजवर पाहिलं नव्हतं. माझी लेक, जिला सकाळी उठवताना घसा बसायचा, जिला डब्यातली भाजी संपवायला निम्मी दुपार लागायची, ती त्या चढावर जागेवरून जराशी उठली आणि वर गेली. तिची पाठ हलत नव्हती. फक्त पाय फिरत होते. वळणावर जाऊन तिनं मागे पाहिलं, मी दिसलो नाही म्हणून खाली आली, माझ्याबरोबर थोडं आली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. मी ती टेकडी कशीबशी एकदा चढत होतो, ती माझ्या सोबतीसाठी दोन-तीनदा चढली. एकदाही तोंड उघडं टाकून श्वास घेतला नाही. हे तिनं केव्हा शिकून घेतलं? कुठल्या रविवारी? मी तेव्हा झोपलो होतो. दुकानातल्या त्या काळ्या सायकलीपुढे मी गप्प झालो होतो, तर इथे माझे डोळेच भरून आले. घाम होता असं म्हणायची सोय होती, म्हणून तसं म्हटलं.

टाकीपाशी पोचलो तेव्हा मला उतरताही येईना. तिनं सायकल धरली, मी ओट्यावर बसलो. खाली सगळं गाव पसरलं होतं. ती माझ्याशेजारी बसली. गावाकडे बघता बघता अचानक म्हणाली, "बाबा, मी नाही जात. त्यांना कळवून टाकते."

मी तिच्याकडे पाहिलं.

"तिथे माझं कुणीच नाहीये. मला भीती वाटते. आईला सांगितलं नाही. तुम्हाला विचारायचं होतं म्हणून तुम्हाला आज आणलं. काय करू?"

इतके दिवस ज्या दोन शब्दांसाठी मी ही सगळी यातायात केली, त्यांची वेळ आली होती. ते म्हणायचीही गरज नव्हती, नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी तोंड उघडलं. आणि आवाज येईना. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि त्यातून नुसती शिट्टी वाजत होती. मी हातानं 'थांब' अशी खूण केली. तिनं बाटली पुढे केली. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा शिट्टी.

ती माझ्याकडे बघत होती. लालबुंद चेहरा, गुडघ्यावर कालच्या पडण्याची पट्टी, थरथरणारे पाय. बघता बघता तिचा चेहरा बदलत गेला. मग ती हसली.

"तुम्हाला सायकल चालवता येत नव्हती ना? म्हणजे अशी?"

मी मान हलवली. नाही.

"आणि तरी इथवर आलात."

मी मान हलवली. हो.

"मग मला काय धाड भरलीये?" असं म्हणून तिनं डोळे पुसले. "जाते मी. बरं झालं तुम्ही काही बोलला नाहीत. दुसरं कुणी असतं तर लगेच सल्ला दिला असता."

तेवढ्यात मला दम आला. शब्द तोंडात तयार होते, स्वच्छ, एकामागे एक. मी बाटली तोंडाला लावली आणि पाण्याबरोबर ते गिळून टाकले.

"उतारावर दोन्ही ब्रेक बरोबर दाबायचे हं, बाबा. घाबरायचं नाही," ती म्हणाली, आणि सुटली. हातांत शिंगं, पाठ सरळ, एकदाही मागे न बघता ती पहिल्या वळणावर गेली आणि दिसेनाशी झाली. मी उठलो, सायकलीवर पाय टाकला आणि तिच्या मागे उतरायला लागलो.